जुन्या गाडीचं आयडलिंग बिघडलंय? स्क्रूला हात लावण्याआधी हे तपासा

२०१९ साली मी बारा वर्षं वापरलेली एक छोटी पेट्रोल गाडी घेतली. बघायला गेले तेव्हा विकणाऱ्याने सेल मारला आणि म्हणाला, "ताई, आवाज ऐका नुसता. एका सेलवर उठते." आवाज खणखणीत होता. इंजिन गरम होतं, पाय कशावरच नव्हता आणि आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा काटा १२००वर उभा होता. मला त्यात वावगं काही दिसलं नाही. गाडी दमदार आहे, एवढाच अर्थ मी काढला.

महिनाभराने कळायला लागलं. ट्रॅफिकमध्ये पहिला गिअर टाकून क्लच सोडला की रेस न देताच गाडी पुढच्याच्या बंपरकडे धावायची. अॅव्हरेज तेरावर आलं. कुणीतरी म्हणालं, थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप असते तो भाग, साफ कर. एका रविवारी मी ती केली, अगदी निगुतीने, आणि गाडी चालू केली तर काटा १७००वर!

दुसऱ्या दिवशी गॅरेजला नेली. मिस्त्रींनी टॉर्च मारला आणि थ्रॉटलच्या खटक्याशी असलेल्या एका बारीक स्क्रूकडे बोट दाखवलं. गाडी बनते तेव्हा त्या स्क्रूवर रंगाचा ठिपका मारलेला असतो. माझ्या गाडीतला ठिपका अर्धा तुटला होता आणि स्क्रूची खाच घासून चमकत होती. "कुणीतरी स्लो वाढवून दिलाय, ताई. कार्बन साठून रेस पडत असणार. साफ करायचं सोडून स्क्रू पिळला. आता तुम्ही कार्बन काढला, मग रेस चढणारच."

जुनी गाडी नव्याने घेणाऱ्यांसाठी हा लेख लिहितेय तो या स्क्रूमुळे. आयडलिंग म्हणजे पाय न लावता इंजिनाचं नुसतं चालत राहणं, आणि त्या वेळच्या फेऱ्यांना गॅरेजमध्ये रेस किंवा स्लो म्हणतात. ते बिघडणं हा ताप आहे, रोग नव्हे. स्क्रू पिळला की ताप उतरल्यासारखा वाटतो आणि रोग आत राहतो. शिवाय पुढच्या मालकाला दोन दोष एकमेकांत गुंतलेले मिळतात. त्यामुळे खालच्या क्रमाने जा. बराचसा भाग पैसे न खर्चता होतो.

पाय नसताना इंजिन चालतं कसं

अॅक्सिलरेटर सोडला की थ्रॉटलची झडप जवळजवळ पूर्ण मिटते. पण इंजिनाला जगण्यापुरता श्वास लागतोच. तो मिटलेल्या झडपेला वळसा घालून एका बारीक वाटेने आत येतो. ही वाट किती उघडायची हे एक छोटी मोटर किंवा व्हॉल्व्ह ठरवतो. गॅरेजमध्ये त्याला आयएसी किंवा आयडल व्हॉल्व्ह म्हणतात. अलीकडच्या गाड्यांत ही वेगळी वाट नसते. अॅक्सिलरेटरची तारच नसल्याने थ्रॉटलची झडप मोटरनेच केसभर उघडी धरली जाते. दोन्हींत हुकूम ईसीएमचा, म्हणजे गाडीच्या कंप्युटरचा. इंजिन किती गरम आहे, एसी चालू आहे का, झडप खरोखर मिटली आहे का, हे सेन्सरांकडून विचारून तो श्वास मोजून देतो.

म्हणजे हवा, पेट्रोल आणि ठिणगी या तिघांत काही कमी-जास्त झालं, किंवा ईसीएमला खोटी खबर मिळाली, किंवा इंजिनावर जादा ओझं आलं, तर आयडलिंग बिघडतं. रस्त्यावर ५० ने जाताना हेच दोष जाणवतही नाहीत, कारण तेव्हा सगळंच भरपूर असतं. थोडक्यात भागवायची वेळ आली की घरातली तूट कळते, तसंच.

आकडे लक्षात ठेवा. गरम इंजिनाला, एसी बंद असताना, बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्या ७०० ते ९०० आरपीएमला चालतात. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो. सकाळी थंड इंजिनावर काटा १२०० ते १५००वर चढून पाच-सात मिनिटांत हळूहळू उतरला तर तो दोष नव्हे, ती सोयच आहे. आणि तीन सिलेंडरचं इंजिन चार सिलेंडरच्या मानाने थरथरणारच. मारुती ८००चं ७९६ सीसीचं इंजिन तीन सिलेंडरचं होतं. तसल्या गाडीत आरसा थोडा हलतो म्हणून गॅरेज गाठायची गरज नाही.

आधी वही, मग पाना

पहिले चार दिवस बॉनेट उघडू नका. डॅशबोर्डच्या कप्प्यात वही ठेवा आणि पुढचं टिपा.

रेस पडते की चढते, की खालीवर झोके घेते? की रेस स्थिर आहे आणि फक्त गाडी थरथरते? या चार तक्रारींची चार वेगळी कुळं आहेत, आणि गॅरेजला "आयडलिंगचा प्रॉब्लेम आहे" एवढंच सांगितलं तर मिस्त्री त्यांना सवयीचं असेल तिथून सुरुवात करणार.

थंड असताना होतं की गरम झाल्यावर? फक्त एसी लावल्यावर? पेट्रोल भरल्यानंतर लगेच? पावसात जास्त? आणि सर्वांत उपयोगी प्रश्न: कशानंतर सुरू झालं? बॅटरी बदलल्यानंतर सुरू झालं असेल तर बऱ्याचदा काही बिघडलेलंच नसतं. बॅटरीची तार काढली की ईसीएम आतापर्यंत शिकलेलं विसरतो आणि एक-दोन दिवस चाचपडत राहतो. सर्व्हिसिंगनंतर सुरू झालं असेल तर शंभरातल्या नव्याण्णव वेळा एखादा पाइप लावायचा राहिलेला किंवा एअर फिल्टरच्या डब्याची क्लिप नीट न बसलेली असते.

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत आणखी एक सोपी चाचणी आहे: सीएनजी. किट असेल तर बटण दाबून दोन्ही इंधनांवर पाच-पाच मिनिटं उभी ठेवून बघा. त्रास फक्त सीएनजीवर असेल तर किटचं ट्यूनिंग, गॅसचा दाब कमी करणारा रिड्यूसर किंवा गॅसचा फिल्टर बघायचा. फक्त पेट्रोलवर असेल तर संशय पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरवर, कारण वर्षानुवर्षं गॅसवरच पळवलेल्या गाडीत पेट्रोल टाकीत शिळं होतं आणि इंजेक्टर चिकटतात. दोन्हींवर सारखाच त्रास असेल तर हवा, ठिणगी किंवा इंजिन. एका बटणात निम्मी यादी खोडली जाते. मात्र सीएनजीला ठिणगी जास्त जोरकस लागते, त्यामुळे प्लग म्हातारे झाले की पहिली तक्रार गॅसवर दिसते, हेही ध्यानात ठेवा.

हात घालण्यापूर्वी

गाडी मोकळ्या हवेत. बंद गॅरेजात किंवा इमारतीच्या तळघरात इंजिन चालू ठेवून काम नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. न्यूट्रल, हँडब्रेक, चाकाला वीट. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. ओढणी, लांब बाह्या, गळ्यातली साखळी काढून ठेवा. माझी ओढणी एकदा अल्टरनेटरच्या बेल्टपासून वीतभर अंतरावर लोंबत होती. शेजारच्या काकांनी ओरडून सांगितलं म्हणून कळलं. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. चालू इंजिनात प्लगच्या वायरींना हात नाही.

ओझ्याची चाचणी

इंजिन गरम करा. पाय काढा, काटा बघा. आता हेडलाइट लावा, मग ब्लोअरची हवा पूर्ण, मग एसी. प्रत्येक वेळी काटा क्षणभर डुलून सावरायला हवा. एसी लावल्यावर बहुतेक गाड्यांत रेस शंभर-एक आरपीएमने मुद्दाम वाढवली जाते.

एसी लावला की रेस पडते आणि गाडी गचके खाते, बाकी सगळं ठीक, तर बहुधा श्वासाची वाट कार्बनने बुजली आहे. एकट्या इंजिनापुरती हवा मिळते, कंप्रेसरचं ओझं आलं की पुरत नाही. पॉवर स्टीअरिंग उभ्या गाडीत पूर्ण वळवल्यावर इंजिन बंद पडत असेल तर त्याचंही हेच कारण असतं.

हेडलाइट लावताच रेस पडत असेल तर दहा मिनिटं वीज बघा. मल्टिमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. गाडी रात्रभर बंद असताना बॅटरीवर १२.५ व्होल्टच्या आसपास हवेत, चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. चालू गाडीत १३च्या खाली असेल तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर दाखवा. आणि इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची वायर बघा. कोकणातून आलेल्या गाडीत तिच्या टोकाला हिरवी-पांढरी बुरशी धरलेली हमखास सापडते. खरवडून घट्ट केली की काही गाड्या तेवढ्यावर सुधारतात.

गळकी हवा

माझ्या मते जुन्या गाडीत सर्वांत जास्त फसवणारा दोष हाच, म्हणून इथे जरा थांबते.

पाय सोडलेला असताना इंजिन हवा ओढत असतं आणि झडप मिटलेली असते, त्यामुळे मॅनिफोल्डच्या, म्हणजे झडपेपासून सिलेंडरांपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांच्या आत बाहेरच्या हवेच्या जेमतेम एक-तृतीयांश दाब उरतो. या ओढीचा वापर करायला तिथून अनेक रबरी पाइप निघतात: ब्रेकचं पेडल हलकं करणाऱ्या बूस्टरला, पेट्रोलची वाफ खेचणाऱ्या व्हॉल्व्हला, इंजिनातला धूर परत ओढणाऱ्या पीसीव्हीला. रबर पंधरा वर्षं उष्णतेत राहिलं की कडक होतं, टोकाशी चिरतं. चिरेतून हवा न विचारता आत शिरते.

पुढची गंमत बऱ्याच जणांना ठाऊक नसते. आपल्याकडच्या पुष्कळ छोट्या गाड्यांत ईसीएम हवा थेट मोजत नाही, मॅनिफोल्डचा दाब मोजून अंदाज बांधतो. अशा गाडीत चोरटी हवा शिरली की दाब वाढतो, ईसीएम त्या हिशेबाने पेट्रोलही वाढवतो, आणि रेस चढते. ज्या गाड्यांत फिल्टरजवळच हवा मोजणारा सेन्सर असतो, तिथे चोरट्या हवेचा हिशेबच लागत नाही; पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन अडखळतं. एकाच चिरेचे दोन उलटे परिणाम! म्हणून कुणाच्या सांगण्यावर विसंबण्याआधी आपल्या गाडीत कुठला सेन्सर आहे ते विचारून घ्या.

रेस झोके का घेते, तेही इथेच समजतं. झडप मिटलेली आहे म्हणजे पाय नाही, आणि तरी रेस १५००च्या वर आहे, म्हणजे गाडी उतारावरून येत असणार असं ईसीएम समजतो आणि पेट्रोल तोडतो. रेस पडते. बंद पडू नये म्हणून पेट्रोल परत देतो. चोरटी हवा आहेच, रेस पुन्हा चढते. व्हूऽम, व्हूऽम असा आवाज येत राहतो.

शोधायचं कसं? मीटर-दीड मीटर साधी रबरी नळी घ्या, बागेतली चालेल. एक टोक कानाशी, दुसरं चालू इंजिनातल्या एकेका पाइपच्या जोडाजवळ फिरवा. फिरत्या बेल्टपासून दूर. गळती असेल तिथे 'स्स्स' असा आवाज कानात घुमतो. मग संशयित पाइप चिमट्याने, मध्ये चिंधी घालून, क्षणभर दाबा. दाबल्याबरोबर रेस जागेवर आली तर चोर त्या पाइपवर किंवा त्याच्या पलीकडे आहे. काही जण कार्ब क्लीनर फवारून शोधतात. तो पेट घेणारा पदार्थ आहे आणि शेजारी एक्झॉस्ट तापलेला असतो. नवख्याने ते करू नये. साबणाच्या पाण्याचे थेंब ब्रशने लावा. थेंब चिरेत ओढला गेला की रेस बदलते.

ब्रेकच्या बूस्टरची चाचणी तर बसल्या जागी होते. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल कडक होईल. पाय तसाच दाबून ठेवून गाडी चालू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही, किंवा चालू गाडीत ब्रेक दाबून धरल्यावर रेस बदलते आणि पायाशी फुसफुस ऐकू येते, तर तो पाइप किंवा बूस्टर गळतोय. हे दुरुस्त होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नका. इथे प्रश्न आयडलिंगपुरता राहिलेला नाही.

पीसीव्ही व्हॉल्व्ह ओढून बाहेर काढा, चालू इंजिनात त्याच्या तोंडावर बोट ठेवा, ओढ जाणवली पाहिजे. बंद इंजिनात हलवला की बहुतेक व्हॉल्व्ह खुळखुळतात. खुळखुळत नसेल तर तेलाने चिकटला आहे.

आणि उंदीर. सोसायटीच्या पार्किंगमधली गाडी असेल तर पाइपांवर दातांच्या खुणा बघा. बॉनेटखाली तंबाखू ठेवली की उंदीर येत नाहीत म्हणतात. माझ्या गाडीत त्यांनी तंबाखूच्या पुडीवरच घरटं केलं होतं.

थ्रॉटल बॉडीची सफाई

हवा गळत नाही हे पटलं की मगच इकडे या. एअर फिल्टर काढा. तो काळाकुट्ट असेल तर बदलाच. मग थ्रॉटलला येणारा जाड पाइप सोडवा. आत पितळी किंवा अॅल्युमिनियमची गोल झडप दिसेल. तिच्या कडेला आणि मागे काळा, चिकट थर असेल तर तुम्हाला कारण सापडलं असण्याची शक्यता मोठी आहे.

चावी काढा, बॅटरीची उणे तार सोडा. रेडिओला कोड लागत असेल तर आधी शोधून ठेवा. थ्रॉटल बॉडी क्लीनर कापडावर मारा आणि कापडाने पुसा, सरळ आत फवारून भिजवू नका. झडपेला तार असेल तर हाताने हलकेच उघडून मागची बाजू पुसा. तार नसेल, म्हणजे मोटरची झडप असेल, तर बोटाने ढकलू नका. आतली गिअरची चाकं प्लास्टिकची असतात. आयडल व्हॉल्व्ह दोन स्क्रूंवर असेल तर काढून त्याचं टोक आणि त्याची वाट पुसा, पण मोटरच्या भागात क्लीनर जाऊ देऊ नका आणि टोक हाताने दाबू किंवा फिरवू नका. त्याची रबर रिंग जुनी असेल तर नवी घाला, नाहीतर तुम्ही स्वतःच हवेची नवी गळती तयार कराल.

सफाईनंतर पहिल्यांदा सेल जास्त वेळ मारावा लागतो, थोडा धूरही येतो. मग सगळे लाइट, एसी बंद ठेवून दहा मिनिटं आणि नंतर एसी लावून पाच मिनिटं, पाय न लावता उभी ठेवा. ईसीएम नव्याने शिकतो. काही गाड्यांत हे शिकवणं स्कॅनरनेच, म्हणजे ईसीएमला जोडून त्याचे आकडे वाचणाऱ्या यंत्रानेच करावं लागतं, तेवढ्यासाठी गॅरेज गाठा.

एवढं करूनही रेस चढूनच राहिली तर माझीच गोष्ट तुमच्याकडे घडतेय का, ते बघा. तो थांबा-स्क्रू. रंगाचा ठिपका शाबूत आहे का? तुटलेला असेल तर स्वतः अंदाजाने फिरवू नका. स्क्रू जास्त आत असला की झडप मिटतच नाही, तिचा सेन्सर 'पाय आहे' असं सांगत राहतो आणि ईसीएम आयडलिंग सांभाळायच्या भानगडीतच पडत नाही. स्कॅनरवर झडपेचा आकडा बघत बघत तो परत आणावा लागतो.

थरथर, मिसिंग आणि प्लग

रेस साधारण जागेवर, पण इंजिन ठेक्यात अडखळतंय, सायलेन्सरमधून फट्-फट् येतंय, तर एखादा सिलेंडर काम करत नाही. कोणता, हे शोधायला चालू इंजिनात इंजेक्टरांचे प्लास्टिकचे सॉकेट एकेक करून क्षणभर काढा आणि परत लावा. ज्याचं काढल्यावर इंजिन आणखी लडखडतं, तो सिलेंडर कामाचा. ज्याचं काढून काहीच फरक पडत नाही, तो आळशी. प्लगच्या वायरी काढून हीच चाचणी करणारे मिस्त्री भेटतील. त्यात झटका बसतो, ठिणगीची वीज तयार करणारी कॉइल खराब होते आणि न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं.

आळशी सिलेंडरचा प्लग थंड इंजिनात काढा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. काजळीसारखं कोरडं काळं म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. तेलकट, ओलं काळं म्हणजे इंजिनातलं तेल वर येतंय. पांढरंफटक म्हणजे पेट्रोल कमी. आता तो प्लग शेजारच्या सिलेंडरला लावा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग बदला, सगळे एकदम. नाही सरकला तर कॉइल किंवा वायरची तशीच अदलाबदल करा. जुनी वायर असेल तर अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिनाकडे लांबून बघा. पावसाळ्यात वायरींवरून निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर कारण डोळ्यांसमोर आहे.

नवा प्लग बसवताना आधी हातानेच पूर्ण फिरवा. पान्याने सुरुवात केली आणि आटे तिरके धरले तर अॅल्युमिनियमचं हेड गेलं, आणि शे-दोनशेच्या प्लगवरून खर्च हजारांत पोचतो.

प्लग, कॉइल, इंजेक्टर सगळं ठीक असून सिलेंडर आळशीच असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरात दाब किती तयार होतो, ते तपासून घ्या. सिलेंडरांच्या आकड्यांत मोठी तफावत असेल तर व्हॉल्व्ह किंवा रिंग. गॅसवर खूप पळालेल्या गाडीत टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागापाशी ठेवलेलं बारीक अंतर मिटत जातं आणि गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. टॅपेट सेटिंग तुलनेने स्वस्त आहे, ते आधी करून बघायला सांगा.

गायब थर्मोस्टॅट

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांचं हे खास दुखणं. कधीकाळी गाडी तापली म्हणून कुणीतरी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरला जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, काढून टाकलेला असतो. "आपल्या हवेत कशाला लागतो?" असं वर सांगतात. लागतो. तो नसेल तर इंजिन नीट गरमच होत नाही, ईसीएम त्याला थंड समजून पेट्रोल आणि रेस दोन्ही चढी ठेवतो, अॅव्हरेज पडतं. वीस मिनिटं चालवूनही तापमानाचा काटा पाव रेषेवरच रेंगाळत असेल, हायवेवर आणखी उतरत असेल, तर विचारा. कुलंट कमी असेल तरी सेन्सरला पाण्याऐवजी हवा लागते आणि तो वाट्टेल ते सांगतो. थंड इंजिनात पातळी बघा. आत साधं लालसर गंजकट पाणी दिसलं तर आधीच्या मालकाची बाकीची कामंही संशयाने बघा.

पीयूसीची चिठ्ठी वाचा

ही युक्ती मला उशिरा कळली. पीयूसी आपण काचेला लावण्यापुरती घेतो, पण ती तपासणी आयडलिंगलाच होते, आणि शे-सव्वाशे रुपयांत धुराचं विश्लेषण हातात येतं. भारत स्टेज (धुराच्या प्रदूषणाचे सरकारी टप्पे) २ आणि ३च्या पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ७५० पीपीएम आहे. भारत स्टेज ४ला ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. मोनॉक्साइड जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. मोनॉक्साइड बरा पण हायड्रोकार्बन चढा म्हणजे पेट्रोल जळतच नाही, मिसिंग आहे. दोन वर्षांच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या तर बिघाड कधी सुरू झाला तेही दिसतं. अट एकच, नळी खरोखर सायलेन्सरमध्ये घातलेली असावी. गाडी न बघताच चिठ्ठी देणारे असतात, त्यांचे आकडे निरुपयोगी.

स्कॅनरचंही असंच. मोबाइलला जोडायचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर हजाराच्या आत मिळतो. भारत स्टेज ४च्या गाड्यांवर बहुधा चालतो, त्याआधीच्या अनेक गाड्या त्याच्याशी बोलत नाहीत. ईसीएमने नोंदवलेल्या दोषांच्या कोडमध्ये पी ०५०६ म्हणजे रेस हवी त्यापेक्षा कमी, पी ०५०७ म्हणजे जास्त, पी ०१७१ म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलेंडरला मिसिंग. कोड म्हणजे तक्रार, निकाल नव्हे. ०१७१ आला की ऑक्सिजन सेन्सर बदलून देणारे आहेत, आणि चीर असते पाइपला. 'फ्युएल ट्रिम', म्हणजे ईसीएम ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो-घटवतो, हा आकडा बघा: उभ्या गाडीत तो अधिक वीसच्या आसपास आणि २५०० आरपीएमला शून्याकडे येत असेल तर हवा गळतेय. उलट रेस वाढवल्यावर तो आणखी चढत असेल तर पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर बघा.

कार्बोरेटरवाल्यांसाठी दोन ओळी

तुमच्या गाडीला कार्बोरेटर असेल तर स्लोचा आणि हवा-पेट्रोलच्या मिक्श्चरचा स्क्रू फिरवण्यासाठीच असतो, वरचा नियम तिथे नाही. पण आधी हवेची गळती, प्लग आणि ठिणगीचं टायमिंग ठीक करा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि त्यापुढे जुने रबरी पाइप, डायफ्रॅम टिकतीलच असं नाही. ते नव्या प्रकारच्या रबराचे घालून घ्या. गाडी महिना महिना उभी असते त्यांनी तर नक्कीच.

रेस स्थिर, तरी स्टीअरिंग थरथरतं

काटा ८००वर खिळलेला, आवाज सलग, पण दार आणि स्टीअरिंग हलतंय, आणि १५००ला थरथर नाहीशी होते. इंजिन निर्दोष आहे. इंजिन ज्यावर टेकतं त्या फाउंडेशनचं रबर बसलंय. टॉर्च मारून चिरा बघा. यासाठी थ्रॉटल साफ करून, प्लग बदलून पाच हजार घालवलेले लोक मला माहीत आहेत.

गॅरेजला जाताना

वही न्या. "गरम झाल्यावर, एसी बंद असताना, पेट्रोलवर, रेस १४०० ते ९०० झोके घेते, बूस्टरचा पाइप दाबला की थांबते," असं वाक्य ऐकल्यावर मिस्त्रीचा चेहरा बदलतो. गाडी थंडच सोडून या, म्हणजे सकाळचा दोष त्यांनाही दिसेल. बदललेला जुना भाग परत मागा. आणि "ताई, थोडा स्लो वाढवून देतो, मग बंद नाही पडणार," असं कुणी म्हणालं तर पाना टेबलावर ठेवायला सांगा.

माझ्या गाडीच्या स्क्रूला मिस्त्रींनी परत जागेवर आणल्यावर नेलपॉलिशचा ठिपका दिला. माझ्याच पर्समधली, गडद मरून. काटा ८००वर आहे.